बाकड्यावर एकजण

दिवसभर लोकांचे कपडे उसवायचे, आत घ्यायचे, सैल करायचे आणि स्वतःच्या कोटाचं तुटलेलं बटण मात्र महिनोन्‌महिने खिशात घेऊन फिरायचं, अशी ही बाई. कपडे दुरुस्त करण्याचं तिचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. मशीन खिडकीपाशी आणि मशीनला टेकून कायम फोन. त्या फोनात ‘बाकडं’ नावाचा ग्रुप होता आणि ग्रुपातले सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून थोरले होते तेसुद्धा.

‘बाकडं’ सुरू झालं ते हॉस्पिटलातल्या खऱ्याखुऱ्या बाकड्यामुळे. आईला आत नेलं होतं आणि ताई बाहेर बसली होती, जीव टांगणीला लागलेला. नातेवाईक येत होते, काळजी करू नकोस, सगळं नीट होईल म्हणत होते आणि दर वेळी तिची भीती आणखी वाढत होती. तेवढ्यात एक अनोळखी बाई आली, “सरका जरा,” म्हणाली आणि शेजारी टेकली. तिने काही म्हणजे काही विचारलं नाही. घराच्या दाराला रंग द्यायला काढलाय, जुना रंग खरवडून हात भरून आलेत, खालून हिरवा निघाला, त्याच्याखालून पिवळा, असं ती आपलं सांगत राहिली. त्या दाराने ताईला त्या दिवशी तारलं.

मग ताईने ग्रुप काढला आणि त्याची रीतही तशीच पडली. घरचं कोणी हॉस्पिटलात असलं, की ‘बसलोय’ एवढंच लिहायचं. ज्याला सवड असेल त्याने ‘सरका’ म्हणायचं आणि त्या माणसाला एकट्याला निरोप पाठवत राहायचं. निरोप कसले, तर आपण घरी काय करतोय त्याचे. काय झालं ते विचारायचं नाही, औषध सुचवायचं नाही, जोडलेल्या हातांची चित्रं तर मुळीच नाहीत. ज्यांना आपलं दुखणं चारचौघांत न्यायचं नसे ते गुपचूप ताईला कळवत. मग ताई ग्रुपवर लिही, ‘बाकड्यावर एकजण आहे. मी शेजारी आहे.’ असं लिहिलं की बाकीच्यांनी गप्प राहायचं, कारण त्या माणसाजवळ ताई आहे.

अशी ती किती जणांशेजारी बसली याला गणती नव्हती. कुणाची सासू, कुणाचा तान्हा भाचा, कुणाचे वडील. एका हाताने काजं करायची आणि दुसऱ्या हाताने ‘आता चौथं काज घेतलंय’ असं लिहायचं. खरं सांगायचं तर ती थकली होती. लोकांची भीती रोज थोडी थोडी अंगावर साचते आणि ती झटकायची कुठे, हे कुणी सांगत नाही. पण सोडवतही नव्हतं. आपण उठलो तर बाकडंच मोडेल, असं तिला वाटायचं, आणि असं वाटणाऱ्या माणसाला विश्रांती नसते.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर त्या अंधाऱ्या खड्ड्यात एकटा, त्यामुळे घरी आला की तोंडाचा पट्टा सुरू. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कुरकुरते, कुठल्या मजल्यावरची म्हातारी मुद्दाम बटणं दाबून ठेवते, सगळं साग्रसंगीत. ताईचं लक्ष फोनात. “अहो, जरा गप्प बसा ना, कुणीतरी बसलंय,” ती म्हणायची. तो लगेच गप्प बसायचा, आणि तिला ते बरं वाटायचं.

मग एकदा तो म्हणाला की शर्टाची कॉलर आवळते. ताई म्हणाली, खाणं कमी करा, आणि वरचं बटण जरा सरकवून दिलं. पुढे त्याने पुन्हा तेच सांगितलं. तिने बटण पुन्हा सरकवलं. तिसऱ्यांदा मात्र तिने टेप त्याच्या गळ्याभोवती धरली आणि तिचा अंगठा एका गाठीवर थांबला. सगळ्या गल्लीची मापं घेणाऱ्या बाईला घरातल्या माणसाच्या गळ्याचं माप कळायला इतका उशीर लागला. ते तिला फार लागलं.

सर्जनबाईंनी सरळ सांगितलं. गाठ काढावी लागेल, काढली की लगेच तपासतील, म्हणजे वाईट आहे की नाही याचा अंदाज तिथल्या तिथे येईल. आवाजाची नस गाठीला अगदी लागून आहे. ती दुखावली तर आवाज बसतो, आणि कधी कधी बसलेला उठतच नाही. हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, “चला, बायकोची सोय झाली.” सर्जनबाई हसल्या. ताईला हसू आलं नाही.

त्याला आत नेलं त्या सकाळी ताई बाहेर बसली. बाकडंही नव्हतं, जमिनीला ठोकलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मांडीवर त्याच्या कपड्यांची पिशवी होती आणि सगळ्यात वर तोच शर्ट, बटण सरकवलेला. तिने ‘बाकडं’ उघडलं. ‘बसलेय’ लिहायला कितीसा वेळ लागतो? पण अंगठा हलेना. ताईच बसलीय म्हटल्यावर सगळे धावून येतील, घाबरतील, आणि मग त्या सगळ्यांना धीर देत बसावं लागेल, तेवढं बळ तिच्यात नव्हतं. पण कुणालाच कळू नये हेही सोसवेना. शेवटी तिने लिहिलं, ‘बाकड्यावर एकजण आहे.’

ग्रुपातल्या, घरी केक करून विकणाऱ्या केकवालीने लगेच उत्तर दिलं, ‘त्यांना सांगा, आम्ही आहोत.’ ताईने लिहिलं, ‘सांगते.’ शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं, ‘आमच्यातर्फे पाठीवर हात ठेवा.’ ताईने लिहिलं, ‘ठेवते.’ आणि मग रीतीप्रमाणे सगळे गप्प झाले. ‘सरका’ कोण म्हणणार? ताई होती ना शेजारी. आपणच घालून दिलेल्या रीतीत आपण कशा अलगद सापडलो, हे तिच्या ध्यानात आलं. इतक्या जणांशेजारी बसलेल्या बाईच्या शेजारच्या खुर्चीत आज कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने केकवालीचा वेगळा निरोप आला. आईची ऑपरेशनची जखम पुन्हा ओली दिसतेय, डॉक्टरांचा फोन लागत नाही, ताई तुम्ही कामात नाही ना? ताईने बंद दाराकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘नाही गं, बोल.’ केकवाली बोलली, भरपूर बोलली. ताईने तिला नर्सला दाखवून यायला सांगितलं, तोवर ओव्हन बंद करायचीही आठवण करून दिली. मग फोन पालथा ठेवला आणि ती भिंतीकडे बघत राहिली. रडूसुद्धा येत नव्हतं, इतका शीण आला होता.

फोन पुन्हा थरथरला. ड्रायव्हरचा निरोप होता.

हा ड्रायव्हर शहरातली बस चालवायचा. ग्रुपात आला तेव्हा ज्याला त्याला घरगुती उपाय सांगत सुटला होता. ताईने त्याचे निरोप काढून टाकले आणि सगळ्यांसमोर कानउघाडणी केली, तेव्हापासून गडी फुगला होता. पण त्याची बायको आजारी पडली तेव्हा त्याने ‘बसलोय’ लिहिलं, आणि ताईने अख्खा दिवस त्याला काजं सांगितली होती. बायको बरी झाली. नंतर त्याने आभारबिभार काही मानले नाहीत, फारसा बोललाही नाही.

आता त्याने एकच शब्द लिहिला होता, ‘सरका.’

ताईला वाटलं चुकून आला. तिने लिहिलं, ‘अहो, मी नाही. दुसरं कुणीतरी बसलंय.’

त्यावर एकामागून एक निरोप येऊ लागले. ‘बस धुतोय.’ ‘मागच्या सीटखाली चपलेचा एक पाय सापडला. लेडीज. निळा पट्टा.’ ‘ही बाई एका पायाने उतरली कशी?’ ‘सीटा उचलून बघतो.’ ‘च्युइंगम. च्युइंगम. कंगवा. पुन्हा च्युइंगम.’

ताई वाचत राहिली. तो काही विचारत नव्हता, धीर देत नव्हता. फक्त मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर जात होता, आणि त्याच्या मागोमाग तीही. चपलेची तिला खरोखरच काळजी वाटायला लागली. आणि मग, इतका वेळ अडकलेलं रडू एकदम आलं. तिने ते त्या शर्टात येऊ दिलं.

जरा वेळाने तिने लिहिलं, ‘आत माझे मिस्टर आहेत.’

‘माहिताय,’ ड्रायव्हरने लिहिलं. ‘दुसरा पाय काही सापडत नाही.’

‘कसं कळलं?’

‘दर वेळी लिहिता, मी शेजारी आहे. आज नाही लिहिलंत.’

तिने ग्रुपात जाऊन आपला निरोप पाहिला. खरंच नव्हतं लिहिलं. इतकी वर्षं हाताला सवय झालेलं ते वाक्य आज हाताने आपणहून गाळलं होतं आणि तिचं तिलाही कळलं नव्हतं.

तो इंजिनाजवळच्या पायरीपर्यंत पोचला होता तेव्हा सर्जनबाई बाहेर आल्या. मास्क खाली ओढून म्हणाल्या, गाठ पूर्ण निघाली, पहिल्या तपासणीत वाईट दिसलेली नाही, पक्का रिपोर्ट यायचाय. आवाजाचं मात्र तो शुद्धीवर आल्यावरच कळेल. ताईने ‘बरं’ म्हटलं. तिला आणखी काही विचारायचं होतं, पण काय ते आठवेना.

पुष्कळ वेळाने नर्सने तिला आत सोडलं. आधीच बजावलं, त्यांना बोलायला लावू नका. गळ्याला पट्टी बांधून तो पडला होता, चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. ताईने त्याचा हात धरला. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि काहीच आवाज आला नाही. आयुष्यभर मी यांना गप्प बसा म्हणाले, आता हे खरंच गप्प बसले, एवढंच तिच्या मनात आलं.

त्याने आवंढा गिळला आणि पुन्हा ओठ हलवले. या वेळी गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला, पण निघाला. “एकटीच बसली होतीस?”

“नाही हो,” ताई म्हणाली. “शेजारी होते एकजण. बस धूत होते.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “कसली बस?”

नर्सने मागून गप्प राहण्याची खूण केली. ताईने तिकडे पाहिलं, फोन पिशवीत टाकला आणि खुर्ची त्याच्या उशाशी ओढली.

“सांगते,” ती म्हणाली. “जरा सरका.”