बाटली कुठे बुडवायची?

शहराच्या मधोमध नदी जिथे वळते, तिथल्या डोहाकाठी सतरा बाकं होती, नऊ नावा, पाण्यात उतरणारे चार जिने, मधोमध एक कारंजं आणि ‘पोहण्यास सुरक्षित’ अशी एक पाटी. दर महिन्याला ती पाटी टिकायची ती प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंच्या सहीवर.

गेल्या रविवारी त्यांची सात वर्षांची भाची इथे पोहली आणि तीन दिवस जुलाबांनी आडवी झाली. “मावशी, तूच म्हणालीस ना पाणी चांगलं आहे?”

बाईंनी प्रयोगशाळा गाठली. त्यांनी यंत्र तपासलं, रसायनं बदलली. आकडा तोच, शुद्ध! मग चुकतंय कुठे?

“पोरीने बाहेरचं काही खाल्लं असेल,” प्रयोगशाळेच्या साहेबांनी विषय मिटवला. “उद्या संध्याकाळपर्यंत सही हवी. रविवारी मुलांच्या शर्यती आहेत.”

चक्रावलेल्या डोक्याने बाई नमुन्याची बाटली घेऊन पुन्हा डोहावर गेल्या. “या बाटलीताई!” म्हणत नावाडीकाकांनी नाव कारंज्याकडे वळवली. बाईंनी सवयीने तरंगती पानं हाताने बाजूला सारली. काका हसले.

“का हसलात?”

“तुमच्या आधीच्या तपासनिसांनी सांगून ठेवलंय, कचरा नसेल तिथेच न्यायचं. पण पोरं इथे पोहतात का हो? ती डुंबतात तिकडे, तिसऱ्या जिन्याखाली, नाल्याच्या तोंडाशी.”

“पण नमुना स्वच्छ हवा ना, काका?”

“आपल्या पोराला ताप आलाय का हे बघायला शेजारच्याच्या कपाळाला हात लावतं का कुणी?”

अरेच्चा! बाटली निर्जंतुक हवी, हे त्या शिकल्या होत्या. पाणीही निवडून घ्यायचं, हे कधी अंगवळणी पडलं?

“काका, नाव वळवा!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब अहवालाकडे बघतच राहिले. “शर्यतींचं काय? लोक बोंब मारतील.”

“मारू देत. सही माझी होती, पाटी मीच उतरवते.”

साहेबांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, “पाटीचे नट काढायचा पाना माझ्या खणात आहे. चल, मीही येतो.”

वाचकहो, शाळा, दवाखाने, रस्ते आपण असेच तपासतो, पाहुण्यांना दाखवायची बाजू पुढे करून. माणसं जिथे पाण्यात उतरतात, तिथेच बाटली बुडवायला हवी.

तिसरा जिना, गुडघाभर पाणी, संध्याकाळचे सहा. शंभर मिलिलिटरमध्ये जिवाणूंच्या वसाहती : एक हजार एकशे चाळीस. मर्यादा : पाचशे.