काच धुता आली नाही

एकोणीसशे एक्क्याऐंशी साल होतं ते. संशोधन संस्थेच्या बॉयलरघराचं नूतनीकरण झालं आणि कामगारांच्या घरच्यांना ते फिरून दाखवायचं ठरलं. तेव्हा असल्या जागी बायकांना कोण बोलवत होतं? आवारातल्या सगळ्या जणी ठेवणीतले कपडे घालून निघाल्या.

वहिनीही निघाली. बॉयलरघरातली माणसं तिला वहिनीच म्हणत. तिच्या नवऱ्याने तिथे सतरा वर्षं बॉयलर सांभाळला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाळीत बॉयलरमधलं पाणी आटलं, नळ्या वाकल्या, प्रयोगशाळांची वाफ चार महिने बंद पडली. खापर त्याच्यावर फुटलं. तेव्हापासून तो फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहीत होता.

"कशाला जातेस तिथं?" तो म्हणाला.

"बघायला. सतरा वर्षं सवत होती माझी."

बरोबर नणंद होती. ती वाटेत म्हणालीच, "दादाला डुलकी लागली असणार, वहिनी. बाकीचे बोलत नाहीत, मी बोलते."

"बोला वन्सं. तुमचं तोंड कोण धरणार?"

बॉयलरघर धगधगत होतं. पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेले जाड नळ छताखालून सगळ्या प्रयोगशाळांकडे गेले होते. दाढीवाले शास्त्रज्ञ माहिती सांगत होते. दोन वर्षांपूर्वीच्या चौकशी समितीचे अध्यक्ष तेच होते. त्यांच्या मागे बॉयलरघराचे इंजिनियर हात पाठीशी बांधून उभे होते. बॉयलरपाशी जाड्या होता, वहिनीच्या नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला.

भिंतीलगत एका पेटीत पाळीची जुनी वही उघडून ठेवली होती.

"आणि ही आमची गंमत," शास्त्रज्ञ हसून म्हणाले. "बॉयलर कोरडा पडायला आला होता आणि आमच्या एका गृहस्थांना चिंता कशाची, तर खिडक्या पुसायची. वाचा, वाचा."

लोक वाकून वाचू लागले, हसू लागले. नणंदही हसली. वहिनीने वाचलं. अक्षर नवऱ्याचं होतं. 'काच धुता आली नाही. कॉक जाम. इंजिनियर साहेबांना सांगितलं. तिसरा दिवस.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौकशीहून आल्यावर नवऱ्याने सगळं शब्दन् शब्द सांगितलं होतं. हे तुम्हीच लिहिलंत का, समितीवाले म्हणाले. मी हो म्हटलं. काच इतकी महत्त्वाची होती का, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, आमच्या कामात काचेपेक्षा महत्त्वाचं काय असतं? मग ते एकमेकांकडे बघून हसले आणि फाइल मिटली. का हसले, हे नवरा-बायकोला दोन वर्षं कळलं नव्हतं.

"जाड्या," ती म्हणाली, "काच धुवून दाखव."

"आत्ता, वहिनी?"

"सगळ्यांसमोर."

जाड्याने फडकं घेतलं नाही की बादली घेतली नाही. बॉयलरच्या अंगाला बोटाएवढी जाड काचेची नळी उभी होती, आत अर्ध्यावर पाणी दिसत होतं. त्याने खालच्या तोटीचा कॉक फिरवला. फस्सकन वाफ सुटली, नळी रिकामी झाली. कॉक बंद केला, तसं पाणी सरसर चढून जागेवर आलं.

"धुतली."

"पाणी परत चढलं नाही तर?"

"तर काच खोटं बोलतेय. ती पाणी दाखवत राहील आणि आत ठणठणाट असेल."

कुणी हसेना.

"तुम्ही शिकलेली माणसं," वहिनी शास्त्रज्ञांना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "काच धुणं म्हणजे काय, एवढं विचारायला जीभ झडली होती? तीन दिवस लिहीत होते आमचे मालक. त्याची तुम्ही गंमत करून पेटीत ठेवलीत."

शास्त्रज्ञांनी वाकून ती ओळ पुन्हा वाचली. "आम्हाला हा शब्द माहीत नव्हता, बाई."

"तुम्हाला नव्हता. यांना होता." तिने इंजिनियरकडे बोट केलं. "रोज कानावर पडणारा शब्द. चौकशीत शेजारी बसून हे गप्प राहिले."

"प्रयोग चालू होता," इंजिनियर पुटपुटले. "कॉक बदलण्यासाठी बॉयलर बंद करता येत नव्हता."

"मग तसं सांगायचं होतंत."

ती जाड्याकडे वळली. "आणि तू रे? त्यांच्या हाताखाली शिकलास ना?"

जाड्या मान खाली घालून म्हणाला, "साहेबांना कळत असेल, असं वाटलं."

शास्त्रज्ञांनी महिन्याभरात चूक कबूल केल्याचं पत्र दिलं आणि वही पेटीतून काढली. पुढे ते परदेशी गेले. इंजिनियरांची बदली झाली, तीही बढतीवर. निघताना त्यांनी फाटकावर गाडी थांबवून हात पुढे केला. वहिनीच्या नवऱ्याने गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली आणि आडवा दांडा उचलला. पुढच्याच सोमवारी तो बॉयलरवर परतला. आणखी नऊ वर्षं त्याने काम केलं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी गेला. जाड्या पुढे मुख्य बॉयलरवाला झाला. वहिनी त्याच्याशी बोलायची, पण चहा कधी विचारला नाही. नणंद शेवटपर्यंत सांगत राहिली की दादाची चूक नाही हे ती पहिल्यापासून म्हणत होती. वहिनी आज ऐंशीच्या पुढे आहे. तिला पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. पेटीवर वाकून हसलेली माणसं मात्र तिला एकेक करून सांगता येतात, डावीकडून उजवीकडे.