पुलाचे पाय

मी एक जुना संगणक आहे, पण मला भंगार म्हणू नका, राग येतो. मित्रांनो, दोन हजार एकच्या सुमारास मी भोरच्या एसटी स्टँडजवळ जलालभाईंच्या फोनच्या दुकानात आलो, तेव्हा लोक चपला बाहेर काढून मला बघायला येत. जलालभाई रोज मला पुसत आणि दुकान बंद करताना माझ्यावर कापड टाकत.

माझं इंटरनेट दुकानातल्या फोनच्याच तारेवर चाले. मी चालू असलो की फोन बंद, आणि फोन घेतला की मी आंधळा.

आठवीतली फौजिया शाळा सुटली की माझ्यापुढे बसायची. तिला प्राचीन ग्रीस आणि रोमचं वेड लागलं होतं. परदेशातल्या विद्यापीठांची, संग्रहालयांची पानं मी ओढून आणायचो आणि ती मांडीवर डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावायची. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला रोमन लोकांचा पाण्याचा पूल मातीत करायचा होता. त्यावरून पाणी खरोखर वाहायला हवं होतं. पण माझ्यावर चित्र वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचं. वरच्या छोट्या कमानी दिसेपर्यंत कुणाला तरी फोन लावायचा असायचा आणि चित्र तिथंच तुटायचं. जवळच्या उत्रोली गावच्या भातखाचरातली माती आणून तिने तेवढ्याच कमानी केल्या. पूल दर वेळी कोसळला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाजार होता. चित्र निम्म्यावर आलं आणि जलालभाई म्हणाले, "फौजिया, लाईन सोड बेटा. भामाबाईंच्या लेकाचा फोन यायचा हाय."

भामाबाई दुकानात येऊन बसल्याच होत्या. त्या डोंगरातल्या वाडीवर शेरडं राखायच्या. मुंबईतल्या लेकाचा आवाज त्यांना बाजाराच्या दिवशीच ऐकायला मिळे. फौजियाला हे ठाऊक होतं, तरी ती उठली नाही.

"आजी, थोडं थांबता का? उद्याच प्रदर्शन हाय."

भामाबाईंनी मला निरखून पाहिलं. "पूल हाय व्हय? मग ह्याचं पाय कुठं हायेत?"

"तेच यायचेत."

"मग येऊ दे. त्यो लावंल परत. यष्टी चुकली तर तुज्या आयकडं ऱ्हाईन."

मीही हट्टाला पेटलो. तापलो, घरघरलो, पण थांबलो नाही. शेवटी नदीत रोवलेले रुंद खांब आणि त्यांवरच्या थोरल्या कमानी दिसल्या.

"खालच्या मोठ्या हायेत! मी त्या केल्याच नव्हत्या, म्हणूनच पडत व्हता!" फौजिया ओरडली.

लाईन सोडताच फोन खणाणला. भामाबाई लेकावरच डाफरल्या, "वरडू नगंस! पुलाचं पाय येत व्हतं!"

सकाळी फौजिया चुलीच्या उबेला वाळवलेला नवा पूल मला दाखवायला घेऊन आली. मुक्कामाला राहिलेल्या भामाबाईंनी तांब्यातून पाणी ओतलं. "मशीनवर सांडू नका!" जलालभाई ओरडले. पाणी या टोकापासून त्या टोकाला गेलं आणि पूल उभाच राहिला. माझा ऊर भरून आला.

आता दुकानात नवी मशीनं आली आहेत. पापणी लवते न लवते तोच पान उघडतं. मी कोपऱ्यात धूळ खातो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, आमच्यावर कापड टाकत जा, बटणं जरा हळू दाबा. आणि निम्मं चित्र पाहून उठू नका. माझ्यासमोर एक आजी लेकाचा फोन लांबवून आणि शेवटची एसटी सोडून थांबली होती. तुम्हीही पाय दिसेपर्यंत थांबा.