मासे ज्याचं नाव घेत होते

उजाडायच्या आत सारा गाव तळ्याकाठी लोटायचा. मी तेव्हा दहा वर्षांची. गर्दीत काही दिसेना म्हणून आत्याच्या खांद्यावर चढायचे. तळं जलपर्णीने गच्च भरलेलं, काठाशी तेवढं हातभर पाणी उघडं. तिथे गावात नुकतेच येऊन राहिलेले हिरवे महाराज हात उंचावत आणि शेकडो मासे तोंड वर काढून आ वासत.

"बघा, मुके जीव माझं नाव घेतायत," महाराज म्हणत. "दुपारी येऊ नका, दुपारी ते ध्यानात असतात."

आम्ही हसायचो, रडायचो, एकमेकांचे पाय तुडवायचो. तशी धमाल पुन्हा आयुष्यात झाली नाही.

फक्त आमच्या चुलीचं कठीण झालं. जलपर्णी ही माशांची शाल, तिला हात लावायचा नाही, असं महाराजांनी बजावलेलं. दरवर्षी ती ओढून काढणारे माझे वडील घरी बसले. पंधरवड्यात ती दुप्पट झाली. जाळं टाकायला जागा उरली नाही आणि रोज चार-दोन मासे पोट वर करून तरंगू लागले.

"मोक्ष मिळाला त्यांना," महाराज म्हणाले.

आई मासे विकायची. टोपली रिकामी, तरी हात जोडून सगळ्यांच्या पुढे तीच.

आत्या शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा तिने विचारलं, "वहिनी, विकायचे जिवंत मासे टबात ठेवतेस, त्यात सारखं तांब्याने उंचावरून पाणी का ओततेस गं?"

"नाहीतर गुदमरतात. वर येऊन आ आ करतात." आईचा हात हवेतच राहिला. "अगं बाई."

त्या संध्याकाळी दोघींनी काठाच्या उघड्या पाण्यातले मासे धरून टबात भरले, टब तळ्याकाठी ठेवला आणि वर जलपर्णी दाट पसरली. सकाळी गर्दीदेखत आईने ती बाजूला सारली. आतले सगळे मासे आ वासून वर.

"हे कुणाचं नाव घेतायत, महाराज?"

"माझंच. कृपा टबापर्यंत पोचली."

"मग बघू, किती टिकते." आईने पदर खोचला आणि तांब्यामागून तांब्या उंचावरून ओतायला लागली. हळूहळू एकेक मासा तळाशी गेला.

"गेले, नास्तिक झाले," मागून न्हावी म्हणाला. काठावर हशा उसळला.

आत्याने सांगितलं, "जलपर्णीने पाणी झाकलं की आत ऊन पोचत नाही, वारा लागत नाही. खाली सगळं कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपत जातो. पहाटे तो सगळ्यात कमी, म्हणून दर्शन पहाटे. हे नाव घेणं नाही, श्वास घेणं आहे."

वडिलांनी जलपर्णीवर दोर फेकला. न्हावी, शिंपी, पोस्टमन, सगळे चिखलात उतरून जलपर्णी ओढू लागले. महाराज कधी सटकले, कुणी पाहिलंच नाही.

आई मात्र कितीतरी दिवस पुटपुटायची, "रोज माझ्याच हातात तांब्या होता की."

म्हणून सांगते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी आठवून बघा, हेच आपण आपल्या घरात कधी पाहिलंय का. हात जोडायला काय, नंतरही वेळ असतो.