कपड्यांचे दोनशे

"आता हे खीर हाय का पानी?" पंचफुलाबाईंनी चमचा वाटीवर तिरपा धरला आणि जमलेल्या आयांना दाखवला. "धार लागली, म्हंजे पातळ झाली. लेकराचं पोट मुठीयेवढं. त्यात पानीच भरलं तं दाना कुठी जाईन?"

"बाई, माही सासू म्हन्ते, घट्ट दिलं तं ठसका लागते," मागून कोणीतरी म्हणाले.

"सासूले घेऊन ये पुढच्या खेपी. पयले तिलेच भरवतो," मदतनीस चतुराबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

अकोट तालुक्यातल्या त्या गावात अंगणवाडीची खोली एकच होती. पण महिन्यातून दोनदा, आयांच्या कार्यक्रमाच्या दिवशी, ती लग्नघरासारखी भरून जाई. आज सहा महिन्यांच्या अलीझाचे अन्नप्राशन होते. तिच्या कपाळाला काजळाचा ठिपका, मांडीखाली नवी दुलई आणि समोर वाटीत तांदूळ-मुगाची खीर. अंगणवाडी सेविका म्हणून एकोणतीस वर्षांत पंचफुलाबाईंनी गावातल्या किती लेकरांना पहिला घास भरवला, याची मोजदाद त्यांच्यापाशी होती. त्या प्रत्येक गोष्टीची मोजदाद ठेवीत.

हसणे दाराच्या बाजूने विझत आले. उंबऱ्यात हलीमाबी उभ्या होत्या. हातात गाठोडे होते.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा दहा महिन्यांचा नातू, मुलगा वकार आणि सून नगमा यांचा अरीब, निमोनियाने गेला होता. अलीझाच्या आईने नकळत आपल्या पोरीला पदराआड घेतले. हलीमाबींनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

"चालू द्या तुमचं. मी बसत नाही," त्या म्हणाल्या. "हे तेवढं ठेवून घ्या, बाई. अरीबचे कपडे हायेत. धुवून, वाळवून आनले. घरात ठेवून काय करू? कोन्या गरजवाल्या लेकराले देजा. सवाब भेटन, पुन्य लागन."

पंचफुलाबाई उठून दारापर्यंत गेल्या. गाठोडे दोन्ही हातांनी घेतले.

"नगमा कशी हाय?"

"जाऊन राह्यली. शेंदूरजन्याले, मायच्या घरी. साडेतीनच्या परतवाड्याच्या बशीनं. वकारनं म्हनलं, थोडे दिस राहू दे तिकडंच." हलीमाबींनी आवाज खाली आणला. "थोडे दिस, असं म्हनाचं, बाई. माह्यानं तिच्या तोंडाकडं पाहनं होत नाही. भावाच्या लग्नासाठी भर थंडीत लेकरू बशीनं नेलं. मी म्हनलं व्हतं, नोको जाऊ. पाच दिवसांनी आली तं छाती घरघर करून राह्यली व्हती त्याची. मंग थे काही सुधरलंच नाही."

आणि त्या गेल्या.

पंचफुलाबाईंनी कार्यक्रम पुरा केला. अलीझाने पहिला घास थुंकला, दुसरा गिळला. टाळ्या झाल्या, गाणे झाले, वाट्या गोळा झाल्या. एक वाजेपर्यंत खोली रिकामी झाली. चतुराबाई बाहेर भांडी घासायला बसल्या आणि पंचफुलाबाईंनी गाठोडे सोडले.

लहानमोठे कपडे निराळे करावेत, एवढाच हेतू होता. पण वरच तो मेंदी रंगाचा स्वेटर होता. नगमाने स्वतः विणलेला, जाड लोकरीचा. त्याखाली त्याच लोकरीची कानटोपी, अस्तर लावलेले फ्लॅनेलचे झबले, विणलेला पायजमा आणि मोजे. पाचही वस्तू त्यांनी ओळखल्या. डिसेंबरच्या वजनाच्या दिवशी अरीबच्या अंगावर हेच होते.

त्या दिवशी ओसरीवर बायांची रांग होती. वजनाचा गोल काटा आढ्याला टांगलेला, खाली झोळी. पंचफुलाबाईंचा नियम जुना आणि कडक होता: कपडे काढल्याशिवाय वजन नाही. फक्त कडाक्याच्या थंडीत तो नियम थोडा सैल होई. लेकरू कपड्यांसकट झोळीत बसवायचे आणि आलेल्या आकड्यातून दोनशे ग्रॅम वजा करायचे. हे दोनशे कोणी ठरवले, हे आता त्यांनाही आठवत नव्हते. फार वर्षांपूर्वी, लेकरांच्या अंगावर झबले आणि टोपी यांपलीकडे काही नसायचे, तेव्हाचा तो हिशेब असावा. लोकर जाड होत गेली, दोनशे तेवढेच राहिले.

अरीबची पाळी आली तेव्हा थंडी होती, पण कडाक्याची नव्हती. नगमा त्यांच्या अगदी जवळ येऊन पुटपुटली होती, "बाई, सगळ्यांसमोर कपडे नका ना काढू त्याचे. मागच्या महिन्यात हासल्या सगळ्या. वकारचं पोट्टं म्हंजे तुराटी, असं म्हनल्या."

एकवीस वर्षांची पोर. डोळ्यांत पाणी आलेले. पंचफुलाबाई म्हणाल्या होत्या, "राहू दे, राहू दे. थंडीच हाय."

काटा सहा किलो सहाशेवर थांबला. दोनशे वजा, सहा किलो चारशे. वजन-उंचीच्या तक्त्यात अरीबच्या उंचीला लाल रेघ सहा किलो तीनशेवर होती. म्हणजे लेकरू रेघेच्या वर, पिवळ्या पट्ट्यात. पिवळ्याला घरी जास्तीचा आहार सांगायचा आणि महिन्याने पुन्हा पाहायचे. लाल असते तर त्याच आठवड्यात गाडी करून आईसह अकोल्याला. चौदा दिवस दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली.

पंचफुलाबाईंनी खोलीचे दार लोटून घेतले.

काटा आज आत, खोलीच्या आढ्याला होता. त्यांनी रिकामी झोळी अडकवली आणि खालचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली. कपडे मात्र लगेच ठेवले नाहीत. आधी एक किलोचे, न फोडलेले आहाराचे पाकीट ठेवले. त्यांचे यजमान देवराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्राला विचारण्याआधी यंत्रालाच तपासावे, हे त्यांनी बायकोला शिकवले होते. सुई बरोबर एकवर थांबली. काटा चुकीचा निघावा, असे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटले होते. काटा बरोबर होता.

पाकीट काढून त्यांनी पाच वस्तू एकेक करून झोळीत ठेवल्या. स्वेटर. टोपी. झबले. पायजमा. मोजे. सुई दोनशेपाशी थांबली नाही. तीनशेपाशीही नाही. चारशे आणि पाचशेच्या मधोमध ती थोडी थरथरली आणि स्थिर झाली.

त्यांनी झोळी रिकामी करून पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा. साडेचारशे.

सहा किलो सहाशेतून साडेचारशे गेले की सहा किलो दीडशे उरतात. लाल रेघेच्या दीडशे ग्रॅम खाली.

चतुराबाई घासलेल्या वाट्या घेऊन आत आल्या. झोळीत कपडे आणि खुर्चीवर पंचफुलाबाई. एकोणतीस वर्षांपैकी एकोणीस वर्षे सोबत काढलेल्या बाईला फार सांगावे लागत नाही. तरी पंचफुलाबाईंनी सगळे, आकड्यांसकट, क्रमाने सांगितले.

"लग्नाची तारीख कोनती व्हती?" शेवटी त्यांनीच विचारले, आणि उत्तरही दिले. "अठरा डिसेंबर. वजन बाराले झालं. बाराले लाल लिवलं असतं, तं अठराले नगमा अकोल्याले असती, लेकरापाशी. ते बशीत बसलीच नसती."

"बाई, माह्यं ऐका." चतुराबाईंनी वाट्या खाली ठेवल्या. "हे तुमाले मालूम, मले मालूम. तिसऱ्याले कायले पाह्यजे? सात महिने राह्यले तुमच्या निवृत्तीले. आन् लेकरू तं वापस येत नाही."

"नाही येत."

"मंग?"

"नगमा जाऊन राह्यली, चतुराबाई. दोष सोताच्या नावावर घेऊन जाऊन राह्यली ते. माह्या नावावरचा."

"निमोनिया कोनालेबी होते. पिवळ्यातले जात नाही का? हिरव्यातले जात नाही का?"

"जातात." पंचफुलाबाईंनी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. "मी पिवळा म्हनलं. थे पिवळं नव्हतं. येवढंच सांगाचं हाय."

"थे लोकं तुमाले दारात उभं नाही करतीन."

"न करो."

"किती हिवाळे दोनशे काढले आपुन, बाई?" चतुराबाई एकदम म्हणाल्या, आणि त्यांच्याच तोंडावर भीती पसरली. पंचफुलाबाईंचे घडी घालणारे हात थांबले.

मशिदीमागच्या गल्लीत पंचफुलाबाई पोचल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. वकार, अरीबचा बाप, बाहेर मोटारसायकल पुसत होता; बायकोला थांब्यावर सोडायला निघायच्या तयारीत. भिंतीशी नगमाची बॅग भरून ठेवलेली होती. हलीमाबी बाजेवर बसल्या होत्या.

"आओ बाई, बसा," वकार म्हणाला. आपल्या लेकराला पहिला घास भरवणाऱ्या बाईशी बोलायची जी रीत, ती अजून त्याच्या आवाजात होती.

"उभीच ठीक हाय. वकार, तू बी आत ये. नगमाले बोलाव."

नगमा आतून आली आणि चुलीच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. पंचफुलाबाईंनी सांगायला सुरुवात केली. बारा तारीख, झोळी, कपडे, दोनशे, साडेचारशे. कोणतीही पायरी गाळली नाही. प्रशिक्षणात आयांना सांगावे तसे त्या सांगत होत्या, कारण दुसऱ्या कोणत्या आवाजात सांगितले असते तर त्यांना पुरे करता आले नसते.

"हलीमाबी, तुमी म्हन्ता हिनं लेकरू थंडीत नेलं. थे लेकरू त्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात असाले पाह्यजे व्हतं. मी धाडलं नाही. हिले मी म्हनलं, पिवळा हाय, काळजीचं काम नाही. माह्या भरोशावर गेली ते."

हलीमाबींनी नजर जमिनीकडे वळवली.

"मतलब, तुमाले मालूम नव्हतं?" वकारने विचारले. त्याला अजून कुठेतरी वाट सापडेल असे वाटत होते.

"मोजलं असतं तं मालूम झालं असतं. मी अंदाज केला."

"पन दोनशेच कावून? कोनं सांगतलं दोनशे?"

"कोनंच नाही."

वकारने हातातले फडके पाहिले. ते त्याने खिडकीत ठेवले, मग तिथून उचलून पुन्हा हातात घेतले.

"अकोल्याले नेलं असतं," नगमा म्हणाली. "तं जगला असता?"

"थे मले नाही सांगता येत, माय. चौदा दिवस डॉक्टरच्या हाताखाली राह्यला असता. येवढंच सांगता येते."

"पन मीच म्हनलं व्हतं ना, बाई. कपडे नका काढू म्हून." तिचा चेहरा हळूहळू उसवत गेला. "मले लाज वाटली. माह्याच लेकराची मले लाज वाटली."

"तू माय हायस. तू म्हनशीनच. ऐकाचं का नाही, थे काम माह्यं व्हतं." पंचफुलाबाईंचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. "थे मी केलं नाही. उद्या साहेबायले लिवून देतो. तुमाले जिथं तक्रार कराची असन तिथं करा. मी नाही म्हननार नाही."

वकार दारापाशी जाऊन उभा राहिला. "बाई, आता जा," तो म्हणाला. "मेहरबानी करून जा."

हलीमाबी इतका वेळ जमिनीकडे पाहत होत्या. त्यांनी मान वर केली. त्या ओरडल्या असत्या तर पंचफुलाबाईंना ते सोपे गेले असते.

"तुमच्याच हातचा पयला घास व्हता त्याचा," हलीमाबी म्हणाल्या. "आमच्या गल्लीतलं लेकरू आता तुमच्याकडं येनार नाही, बाई."

पंचफुलाबाईंनी मान हलवली. ओसरीवर येऊन चपलेत पाय सरकवला.

तेवढ्यात पलीकडच्या घरात एक तान्हे झोपेतून उठून रडायला लागले. भुकेचे, न थांबणारे रडणे. आत नगमा भिंतीपासून सुटली, सवयीने दोन पावले चालली आणि घराच्या मधोमध थांबली. तिच्या कुर्त्यावर छातीपाशी दोन ओले ठिपके उमटले आणि पसरत गेले. दुसऱ्याच कोणाच्या अंगावर पाणी सांडले असावे, तशी ती खाली पाहत राहिली.

वकारने तोंड फिरवले. हलीमाबी बाजेच्या खुराला धरून उठल्या. सुनेपाशी जाऊन त्यांनी आपल्या अंगावरची शाल काढली, तिच्या खांद्यांवरून पुढे घेतली आणि दोन्ही टोके छातीशी घट्ट धरून ठेवली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

रस्त्यावर परतवाड्याच्या बसचा हॉर्न दोनदा वाजला. घरातले कोणीच हलले नाही. ओसरीवर एकाच पायात चप्पल घातलेल्या पंचफुलाबाई, पलीकडचे लेकरू आईच्या कुशीत गप्प होईपर्यंत, तशाच उभ्या राहिल्या.