झोपेत, शांतपणे

नोकरीत असताना त्याला सगळे घुबड म्हणायचे आणि त्याला त्याचा राग यायचा नाही. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बसवर त्याने उभा जन्म काढला होता. स्टिअरिंगवर डुलकी सोडा, त्याने साधी जांभई दिल्याचंही कुठल्या कंडक्टरने पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र गड्याने राहिलेल्या सगळ्या झोपा काढायला घेतल्या. जेवला की आडवा, पेपर हातात घेतला की आडवा. त्याची बायको घरीच शिवणकाम करायची. ती म्हणायची, या माणसाला उशी दिसायचा अवकाश, मान आपोआप वाकडी होते.

अशा माणसाची झोप एका डॉक्टरीणबाईंनी एका प्रश्नात उडवली. रक्तदाब मोजता मोजता त्यांनी विचारलं, वडील कशाने गेले? तो नेहमीप्रमाणे म्हणाला, झोपेत. हे उत्तर तो लहानपणापासून देत आला होता, आणि जरा तोऱ्यातच. चार म्हाताऱ्यांच्या गप्पा फिरून फिरून मरणावर आल्या की हा खुर्ची पुढे ओढून सांगायचा, आमच्या वडिलांसारखं मरण यायला भाग्य लागतं, रात्री निजले ते सकाळी उठलेच नाहीत, शेजारच्या खाटेवर मी होतो आणि मलासुद्धा पत्ता लागला नाही. ऐकणारे माना डोलवायचे. डॉक्टरीणबाईंनी मान डोलवली नाही. त्यांनी वडिलांचं वय विचारलं, लिहिताना जरा थांबल्या आणि म्हणाल्या, घरात आणखी कोणी असं गेलं का, त्याची चौकशी करून या.

चौकशी करणार कोणाकडे? ज्यांना विचारायचं ते सगळे आधीच गेलेले. पण त्या जिल्ह्यात पूर्वी एक साप्ताहिक निघायचं. त्याच्या शेवटच्या पानावर निधनवार्ता असायच्या, आणि लोक ते पान आधी वाचून मग पहिल्या पानावरच्या राजकारणाकडे वळायचे. साप्ताहिक कधीच बंद पडलं होतं, पण जुने अंक बांधून वाचनालयाच्या मागच्या खोलीत ठेवले होते. ड्रायव्हर तिथे जाऊन बसला. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर लोखंडी कपाट. पानं उलटताना बोटं पिवळी होत होती.

वाचण्यासारखं तिथे पुष्कळ होतं. शाळेची घंटा कधी एक मिनिट उशिरा न वाजवणारा शिपाई होता, मधमाश्या पाळणारी आणि शेजारणींना चावल्यावर औषधही देणारी एक म्हातारी होती, उभ्या आयुष्यात एकही खटला न हरल्याचं स्वतःच सांगणारा वकील होता. अख्खा जिल्हा तिथे ओळीने निजला होता. पण आमचा ड्रायव्हर आपलं आडनाव सोडून इकडे तिकडे बघायला तयार नव्हता. आजोबा सापडले: 'मनमिळाऊ स्वभावाचे म्हणून ते परिचित होते. त्यांनी झोपेत, शांतपणे अखेरचा श्वास घेतला.' थोरले काका सापडले, तेही झोपेत, शांतपणे. आत्या झोपेत, शांतपणे. धाकटे काका, तेही तसेच. शेवटी वडील सापडले. 'त्यांच्या पश्चात पत्नी व एक मुलगा असा परिवार आहे.' तो एक मुलगा ते पान उघडं ठेवून बसला आणि खोली बंद करायला माणूस आला तेव्हाच उठला.

घरी आल्यावर त्याने ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं असं बायकोने विचारलं, तर मीठ कमी खा म्हणाल्या, एवढंच बोलला. पण त्या रात्रीपासून त्याने झोपेशी उभा दावा मांडला. ती पेंगायला लागली की हा उठायचा. नळ टपकतोय का बघ, दाराची कडी ओढून बघ, सगळ्या चपला जोडीने लाव. का उठलात म्हटलं की डास. दुसऱ्या दिवशी विचारलं की उकाडा. थंडीचे दिवस होते. तिने काही बोलायचं नाही असं ठरवलं, पण जिवाला घोर लागलाच.

जागं राहण्याची विद्या त्याच्याकडे होती, पण वय नव्हतं. दिवसा त्याला एका जागी बसवेना. बसलं तर डोळे मिटायचे, म्हणून पायाला भिंगरी लावल्यासारखा घरभर फिरायचा. मशीनच्या मागून जायचा, पुन्हा पुढून यायचा, कापड ओलांडायचा, कात्री उचलून भलत्याच ठिकाणी ठेवायचा. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायचा आणि दचकून विचारायचा, मी झोपलो होतो का? डॉक्टरीणबाईंनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या त्याने गटारात टाकल्या. मग एके सकाळी चहाचं आधण गॅसवर ठेवून तो उभ्या उभ्या पेंगला आणि पेटत्या शेगडीवर त्याचा हात टेकला. बायको धावली. हात नळाखाली धरून तिने आधी त्याला मनसोक्त बोलून घेतलं आणि मग खोदून खोदून विचारलं. तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं.

"आमच्या घराण्यात सगळे झोपेतच जातात," तो म्हणाला. "छापून आलंय."

तिला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून ते तिने गिळलं. तो खरोखर घाबरला होता. एवढा आडदांड माणूस, घाटातल्या धुक्यात गाडीभर माणसं सुखरूप उतरवणारा, आणि त्याला चादरीची भीती वाटत होती. तिने हातावर मलम लावलं आणि विचारलं, हे छापलं कोणी? छापणारी बाई जिवंत होती. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, आणि गुडघे सोडले तर ठणठणीत होती.

लोक तिला निधनबाई म्हणायचे. तरुणपणापासून त्या साप्ताहिकात ते शेवटचं पान तीच लिहायची. फोन घरोघरी नव्हते, म्हणून ती सायकलवर मयताच्या घरी जायची, स्वयंपाकघरात बसायची आणि माणसाची माहिती लिहून घ्यायची. तिची सायकल एखाद्या दाराशी टेकलेली दिसली की सगळी गल्ली गप्प व्हायची. एकदा तिची चेन पडली म्हणून ती एका घरासमोर थांबली, तर आतल्या चांगल्या धडधाकट माणसाने बाहेर येऊन तिला शिव्या दिल्या होत्या.

दोघं बसने तिच्याकडे गेले. तिने चहा टाकला, ड्रायव्हरचं म्हणणं मान खाली घालून ऐकलं आणि मग इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला. ती म्हणाली, अरे, आजूबाजूच्या चौकटी तरी वाचायच्यास. तिथे सगळेच झोपेत गेलेत.

मग तिने ते कसं झालं ते सांगितलं. छापखान्यात एक जुळारी होता, अक्षराचा एकेक खिळा हाताने उचलून ओळी जुळवायचा. सुरुवातीला ती जे खरं ते लिहून न्यायची. पण मागे राहिलेल्यांना ते सोसायचं नाही. कोणी दारूने गेलेला असे, कोणी महिनाभर ओरडून गेलेला. घरचे रडत येऊन म्हणायचे, एवढं नका हो छापू. शेवटी संपादकांनी सांगितलं, जाणारा गेला, राहणाऱ्याला चार बरे शब्द द्या. म्हणून ती ओळ ठरली, आणि जुळाऱ्याने ती कायमची जुळवून, दोऱ्याने बांधून, एका खणात ठेवून दिली. अंक निघायच्या घाईत खण उघडायचा, ओळ उचलायची, वर नाव लावायचं. विहिरीत पडलेले झोपेत गेले. विजेच्या खांबावरून कोसळलेला वायरमनसुद्धा झोपेत, शांतपणे गेला. लोक हसले, पण त्याच्या बायकोने तो अंक जपून ठेवला.

"तुझे आजोबा दम्याने गेले," निधनबाई म्हणाली. "शेवटपर्यंत डॉक्टरला शिव्या देत होते. थोरला काका ट्रॅक्टरखाली. आत्याला कावीळ. धाकटा तापाने गेला. झोपेत कोणी नाही रे."

ड्रायव्हर हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. शिव्या देणारे आजोबा त्याला एकदम आवडले. बायकोने पहिल्यांदाच चहाची चव घेतली. अंगावरचा धोंडा उतरावा तसं तिला झालं. आता घरी जाऊन याला आधी झोपवते, असं म्हणत तिने पिशवी उचलली. निधनबाई दारापर्यंत आली.

दारात त्याने एक पाय चपलेत घातला आणि तो तसाच थांबला.

"मग बाबा?"

निधनबाई टेबलावरचे कप गोळा करायला मागे वळली. बायकोने तिचा चेहरा पाहिला आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे विचारायला नको होतं. बस चुकेल, चला, ती म्हणाली. पण तो चप्पल काढून पुन्हा आत येऊन बसला. बाई, तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे आला होतात, तो म्हणाला, आई तुमच्याशी दार लावून बोलत होती, मला आठवतंय.

"तुझ्या आईला मी शब्द दिला होता," निधनबाई म्हणाली.

आई जाऊन वर्षं लोटली, तो म्हणाला, शब्द आता कोणासाठी राखताय? निधनबाईने कप टेबलावरच राहू दिले. मग खुर्ची ओढून ती त्याच्या समोर बसली.

"झोपेत तू होतास," ती म्हणाली. "तुझे बाबा जागे होते."

बाबांच्या छातीत मध्यरात्रीच दुखायला लागलं होतं. आई पोराला उठवायला निघाली, शेजारी धाडावं म्हणून. बाबांनी तिचं मनगट धरलं. म्हणाले, पोराला झोपू दे. मग स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. बाहेर पायरीवर, आईच्या अंगावर रेलून बसले. तोंडात पंचा धरला होता, आवाज आत जाऊ नये म्हणून. चाहूल लागून शेजारी बाहेर आला आणि गाडी आणायला धावला, गाडी आलीही, पण तोवर तिचा उपयोग उरला नव्हता. तेव्हा त्या दोघांनी मिळून त्यांना आत आणलं, खाटेवर निजवलं आणि वर चादर घातली. उजाडल्यावर आईने पोराला उठवलं आणि सांगितलं, बघ, बाबा झोपेतच गेले.

"बाकीच्यांच्या वेळी ती ओळ आपोआप पडायची," निधनबाई म्हणाली. "तुझ्या बाबांच्या वेळी मात्र तुझ्या आईने माझे हात धरून मागितली. म्हणाली, तो वाचेल. मी झोपलो होतो, हे त्याच्या मनाला जन्मभर लागायला नको."

ड्रायव्हर उठला, तिला वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडला. परतीच्या बसमध्ये तो समोरच्या बाकाचा दांडा घट्ट धरून बसला होता. वळण आलं की त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. बायको त्याच्याकडे बघत होती.

घरात शिरल्यावर मात्र त्याचा बांध फुटला. तो रडला नाही, तो चिडला. मेलेल्या बापावर चिडला. एका हाकेचं काम होतं, तो म्हणाला. पाणी दिलं असतं, पाठ चोळली असती, निदान हात धरला असता. मी काय कुक्कुलं बाळ होतो? आणि वर मी गावभर मिरवत फिरलो, मला पत्ता लागला नाही म्हणून. त्याने खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घातल्या. बायकोने त्याला बोलू दिलं. मग तिने त्याचा भाजलेला हात धरून त्याला खाली बसवलं.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली. "परवा रात्री छाती चोळत बाहेर बसला होतात. मी पाहिलं. मला उठवलंत?"

"तू दिवसभर मशीनवर असतेस," तो म्हणाला. "म्हटलं, झोपू दे."

शब्द तोंडातून गेल्यावर तो थांबला. बाबांचा आवाज त्याला आता आठवत नव्हता, पण ते कसे म्हणाले असतील ते त्याला बरोबर कळलं. मग तो रडला, लहान मुलासारखा, नाक ओढत. तिने त्याला जवळ घेतलं. तिलाही राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही.

"हा चांगुलपणा मला नको," ती म्हणाली. "दुखलं तर उठवायचं. नाही दुखलं तरी उठवायचं. मागे राहून मला हे दुसऱ्या कोणाकडून ऐकायचं नाही."

दुपार झाली होती. दोघंही जेवले, जेवण कसलं, चार घास. मग तिने चटई घातली आणि दोघं आडवे झाले. इतके दिवस रात्र रात्र त्याच्यावर नजर ठेवून तीही थकली होती. डोळे मिटले ते मिटलेच. तो आढ्याकडे बघत पडून राहिला. मग कुशीवर वळला आणि त्याने तिचा खांदा धरून हलवलं. एकदा, आणि मग जोरात.

ती धडपडत उठून बसली. केस तोंडावर आलेले, डोळे भेदरलेले. "काय झालं? कुठे दुखतंय?"

"कुठे नाही."

"मग?"

"उठवलं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. छातीची धडधड खाली बसायला तिला वेळ लागला. मग तिने केस मागे सारले, पुन्हा त्याच्याजवळ आडवी झाली आणि बरं केलंत, म्हणाली. आता ती जागी होती आणि त्याच्या भाजलेल्या हाताला धक्का लागणार नाही असं बेताने तिने त्याचं मनगट धरलं होतं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वाक्य पुरं होण्याआधीच त्याला झोप लागली.