उतारावरची वीस मिनिटं

आमची गल्ली इतकी उतरती आहे की फाटकातून सुटलेला चेंडू थेट खालच्या चौकात सापडतो. गाडीही तोंड खाली करूनच उभी करावी लागते, वळायला जागा नाही. त्यातून लेक दीड वर्षाची. गाडीत बसली की झोपते आणि गाडी थांबल्यावर उचलली की भोकाड पसरते. म्हणून मी उचलतच नाही. इंजिन बंद करते, काचा खाली घेते आणि ती उठेपर्यंत वीसेक मिनिटं शेजारी बसून राहते. हात मात्र हँडब्रेकवर.

आमची छोटी हॅचबॅक जुनी झाली, तसे तिचे पुढचे ब्रेक नणंदेने मोठे करून दिले. ही नवऱ्याची थोरली बहीण. तिचं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली चार माणसं. मला ती लाडाने म्हणा, टोमण्याने म्हणा, ‘काळजीबाई’ म्हणते. आता पाळी मागच्या चाकांची होती. तिथे होते ड्रम, म्हणजे बंद लोखंडी डबा आणि आतून बाहेर दाबणारे दोन शूज. ताईंनी दुसऱ्या एका मोठ्या गाडीचा डिस्कचा अख्खा सेट मिळवून, घासूनपुसून टेबलावर मांडून ठेवला होता.

“भाचीची गाडी आहे. आत्याकडून एवढं तरी नको?”

“पण ताई, गाडी थांबवायचं काम जास्त करून पुढच्याच चाकांचं ना?”

“वाचून आलीस वाटतं.”

“हो.”

“मग हेही वाचलं असशील, लांब उतारावर ड्रम तापून दमतो, डिस्क दमत नाही. शिवाय दिसते कशी बघ.”

“आणि हँडब्रेक?”

“त्याच डिस्कवर. केबल ओढली की पॅड दोन्हीकडून ती तबकडी आवळतात. डोळे मिटून चालव.”

“डोळे मिटून मला झोपसुद्धा लागत नाही.”

“ते भावाकडून कळलंय,” ताई म्हणाल्या.

भाऊ तिथेच उभा होता. बहीण आणि बायको यांच्यामध्ये बोलून त्याचं आजवर कधी भलं झालेलं नाही, त्यामुळे तो टेबलावरचे पाने आकाराप्रमाणे लावत राहिला. डिस्क बसल्या. दिसत होत्या खरंच देखण्या. पण माझ्या मनातली पाल काही गप्प बसेना.

“आमच्या दारात उभी करून दाखवा,” मी म्हटलं. “आत पोरगी नको. वाळूच्या गोण्या ठेवू.”

गॅरेजमधली माणसं हसली. ताई हसल्या नाहीत.

“माझ्या कामाची परीक्षा घेतेस?”

“कामाची नाही. आमच्या गल्लीची.”

रविवारी सकाळी ताईंनी गाडी चांगली फिरवून आणली, मुद्दाम ब्रेक मारत मारत, आणि आमच्या फाटकासमोर लावली. हँडब्रेक ओढला. गिअर स्वतःच न्यूट्रलला टाकला. “गिअरने धरली तर हँडब्रेकचं काय कळणार?” त्या म्हणाल्या. पुढच्या चाकांपासून वीतभर खाली लाकडाचे ठोकळे ठेवले. मी टायरवर आणि रस्त्यावर खडूची एकच सरळ रेघ ओढली.

पाच मिनिटं झाली. रेघ जागच्या जागी.

“झालं समाधान? चहा टाक आता.”

“अजून पंधरा मिनिटं.”

“का?”

“ती तेवढा वेळ झोपते.”

ताई हाताची घडी घालून कट्ट्यावर बसल्या. नवरा लेकीला घेऊन आत गेला. मी रेघेवरून नजर काढली नाही. चौदाव्या मिनिटाला मागून कुरकुरल्यासारखा आवाज आला आणि रेघ तुटली. आधी दोन बोटं, मग चार. मग आत कोणी नसलेली ती गाडी सावकाश पुढे सरकली आणि ठोकळ्यांना टेकली. आत वाळू होती हे मला माहीत होतं, तरी मी धावत जाऊन मागच्या काचेतून आत पाहिलं.

ताई उठल्या. वाकून डिस्कजवळ हाताची पालथी बाजू नेली.

“गार झाली,” त्या म्हणाल्या. “तापलेली असताना आवळली होती. गार होताना आक्रसली, पकड सैल पडली. थोड्या वेळाने हँडब्रेक आणखी दोन खटके वर ओढला असता तर धरली असती.”

“आणि ज्या दिवशी मी ओढायला विसरेन, त्या दिवशी?”

ताईंनी तुटलेल्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वीस वर्षं ब्रेकचं काम करणारी बाई. केबलला, सेट विकणाऱ्याला, कुणालाही दोष देता आला असता.

“मी फक्त गाडी थांबते का ते पाहिलं,” त्या म्हणाल्या. “थांबल्यावर उभी राहते का, ते पाहिलं नाही. ड्रम परत घालते.”

मला तेव्हा स्वतःचा वाटला त्याहून जास्त अभिमान त्यांचा वाटला.

दोन दिवसांत नवे शूज घालून ड्रम बसले. ड्रम गार होताना आक्रसतो तो आतल्या शूजवरच, म्हणजे पकड उलट घट्ट होते, हे ताईंनी मला हातात ड्रम धरून दाखवलं. त्याच गोण्या, तोच उतार. अर्ध्या तासाने मी म्हटलं, पुरे. ताई म्हणाल्या, “गप्प बस, तास होऊ दे.” तासाभराने रेघ केसभरही हलली नव्हती.

त्याच दुपारी लेक गाडीत झोपली. मी शेजारी बसले आणि चक्क पुस्तकाची आठ पानं वाचली.

मध्यंतरी लेकीला घेऊन गॅरेजवर गेले होते. एक गृहस्थ मागच्या डिस्कचा चकचकीत सेट घेऊन आले होते आणि आजच बसवा म्हणून मागे लागले होते.

“बसवीन,” ताई म्हणाल्या. “आधी सांगा, घर सपाटीवर आहे की उतारावर?”

“त्याचा काय संबंध?”

“बसवल्यावर गाडी वीस मिनिटं समोरच्या चढावर उभी राहील. हलली नाही तर तुमची. आमच्याकडे आता असंच चालतं.” मग माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, “नियम आमच्या भावजयीचा आहे. काही विचारायचं असेल तर तिला विचारा.”

ते गृहस्थ खरोखरच माझ्याकडे वळले. मी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्यांना पहिला प्रश्न विचारला, “तुमच्या गाडीत कोण झोपतं?”